यंत्राला ‘नक्की माहीत नाही’ म्हणता यावे म्हणून

घरातील एखाद्या व्यक्तीच्या रक्ताची तपासणी होते आणि अहवालात रोगाची खूण निघते. तपासणी शेकडा ९० खात्रीची आहे असे कोणीतरी सांगितलेले असते. त्यावरून रोग असण्याची शक्यताही शेकडा ९० असणार, असा हिशेब घरातील मंडळी मनाशी मांडतात आणि त्या रात्री कोणाचा डोळ्याला डोळा लागत नाही. हा हिशेब चुकीचा आहे. तो कोठे चुकतो हे एकदा ध्यानात आले, म्हणजे ज्या संशोधनाची ओळख वाचकांना या खेपेस करून द्यावयाची आहे त्याच्या अंतरंगात शिरणे फारसे अवघड जाणार नाही.

समजा, १,००० माणसांची तपासणी झाली आणि त्यांपैकी प्रत्यक्षात १० जणांनाच तो रोग आहे. तपासणी शेकडा ९० रोग्यांना ओळखते, म्हणजे त्या १० पैकी ९ सापडले. परंतु उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी शेकडा १० जणांवर ती विनाकारण बोट ठेवते, म्हणजे ९९ निर्दोष माणसेही संशयितांच्या रांगेत येऊन उभी राहिली. रांगेत एकूण १०८ जण, आणि त्यांत खरे रोगी ९. शेकडा ९० कोठे आणि बारांत एक कोठे! आता याच १०८ जणांची वेगळ्या पद्धतीने, पण तेवढ्याच खात्रीची, दुसरी तपासणी केली असे मानू. ९ रोग्यांपैकी ८ जण पुन्हा पकडले जातील, ९९ निरोग्यांपैकी १० जणांवर पुन्हा आळ येईल. म्हणजे दोन्ही तपासण्यांत सापडलेल्या माणसाला रोग असण्याची शक्यता आता निम्म्याच्या आसपास आली. नवा पुरावा आला की जुने मत टाकून द्यावयाचे नाही आणि त्याला चिकटूनही राहावयाचे नाही; पुराव्याच्या वजनाप्रमाणे ते सरकवावयाचे, एवढेच या रीतीचे सार आहे.

ही रीत टॉमस बेझ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखली जाते. टनब्रिज वेल्स या गावी त्याने आयुष्याचा बराच काळ काढला आणि १७६१ मध्ये तो वारला. त्याच्या कागदपत्रांत सापडलेला निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने रॉयल सोसायटीकडे धाडला आणि तो १७६३ च्या डिसेंबरात तेथे वाचला गेला. पुढे १७७४ मध्ये लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने तीच गोष्ट स्वतंत्रपणे, आणि खरे सांगावयाचे तर अधिक समर्थपणे, मांडली. पुरावा पाहण्यापूर्वीच्या अंदाजाला ‘पूर्वसंभाव्यता’ आणि पुरावा पाहिल्यानंतरच्या अंदाजाला ‘उत्तरसंभाव्यता’ अशी नावे मराठीत रूढ होत आहेत. भाषांतरकाराच्या लेखणीला येथे ‘पूर्वग्रह’ या शब्दाचा मोह पडतो. तो आवरावा लागतो. कारण पूर्वग्रह पुराव्याला दाद देत नाही आणि पूर्वसंभाव्यता तर पुराव्याने बदलावी म्हणूनच मांडलेली असते.

तथापि पुष्कळ संख्याशास्त्रज्ञांना हा शब्द पूर्वग्रहाइतकाच खुपत आला. ज्याच्या त्याच्या मनातील अंदाज शास्त्रात आणावयाचा तरी कसा, असा त्यांचा आक्षेप होता. रोनल्ड फिशर यांच्यासारखा दिग्गज या आक्षेपाच्या बाजूला उभा होता. उलट बाजूस केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज होते. ते मूळचे भूभौतिकीचे अभ्यासक. पृथ्वीचा गाभा द्रवरूप आहे असे त्यांनी १९२६ मध्ये भूकंपलहरींच्या आधारे प्रतिपादन केले होते. भूकंप काही मागणीबरहुकूम घडवून आणता येत नाहीत, थोडक्या नोंदींवरच भागवावे लागते, आणि अशा वेळी आधीची माहिती हिशेबात धरण्यावाचून गत्यंतर नसते. १९३९ साली त्यांनी संभाव्यतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिज येथे याच जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली आणि पुढे १९५३ पासून पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा वाहिली, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. केंब्रिज विद्यापीठाचे ॲडम्स पारितोषिक त्यांना १९६० मध्ये आणि पद्मभूषण १९७४ मध्ये मिळाले.

तात्त्विक वादापेक्षाही मोठी अडचण होती ती आकडेमोडीची. एक रोग आणि एक तपासणी असेल तर हिशेब पाटीवर होतो. अज्ञात गोष्टी शंभर किंवा हजार असतील, तर त्यांच्या सर्व शक्य मूल्यांच्या सर्व जोड्या तपासून प्रत्येकीला योग्य ते वजन द्यावयाचे हे मानवी हातांचे काम नव्हे, आणि सरळ मार्गाने करू गेल्यास ते यंत्राच्याही आवाक्यातले नव्हे. म्हणून बेझची रीत बरीच वर्षे आदराने कोनाड्यात ठेवलेली होती. तिला कामाला जुंपणाऱ्यांत कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात दीर्घकाळ संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र या दोन्ही विषयांचे प्राध्यापक असलेले रॅडफर्ड नील यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

नील यांचे आरंभीचे शिक्षण कॅल्गरी येथे झाले. डॉक्टरेटसाठी ते टोरोंटोला आले आणि जेफ्री हिंटन यांचे विद्यार्थी झाले. हे हिंटन म्हणजे २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफिल्ड यांच्यासमवेत मिळविणारे शास्त्रज्ञ. ज्याला ‘न्यूरल नेटवर्क’ म्हणतात त्या गणिती जाळ्यावर त्यांच्याकडे काम चाले. मज्जापेशींचे नाव असले तरी या जाळ्यात पेशी नसतात, नुसते आकडे असतात. एका टोकाने माहिती आत शिरते, वाटेत तिला नाना प्रकारच्या ‘भारां’नी गुणले जाते, आणि दुसऱ्या टोकाला उत्तर बाहेर पडते. यंत्राला शिकविणे म्हणजे उदाहरणे दाखवीत दाखवीत हे भार असे जुळवीत जाणे की उत्तरे बरोबर येऊ लागतील. भारांचा सर्वांत चांगला जुळणारा एक संच सापडला की शिक्षण संपले, अशी सर्वसाधारण समजूत होती.

नील यांचा मतभेद येथेच आहे. पाच-सात ठिपक्यांतून जाणाऱ्या वक्ररेषा असंख्य असतात. त्यांतली एकच उचलून ‘हीच खरी’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ठिपक्यांशी जुळणाऱ्या सर्वच रेषांचे मत घ्यावे, जी अधिक जुळते तिच्या मताला अधिक वजन द्यावे, आणि त्या सर्वांची सरासरी ते आपले उत्तर मानावे. यात केवळ उत्तरच मिळत नाही, त्याच्या खात्रीचे मापही मिळते. जेथे ठिपके दाट आहेत तेथे सर्व रेषा एकमेकींना धरून जातात. जेथे ठिपके नाहीत तेथे त्या पांगतात. ते पांगणे म्हणजेच ‘येथले मला नक्की माहीत नाही’ ही यंत्राची कबुली होय. एकच रेषा हाती धरलेल्या यंत्राला अशी कबुली देण्याची सोयच नसते. ज्या प्रदेशातले त्याने काहीही पाहिलेले नाही, तेथेही ते त्याच ठाम स्वरात बोलत राहते.

हा फरक पुस्तकी नव्हे. नील यांनी आपली पद्धत पारखण्यासाठी जी उदाहरणे घेतली, त्यांत ब्रिटनच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून आलेला काचेच्या २१४ तुकड्यांचा एक प्रसिद्ध संग्रह होता. प्रत्येक तुकड्यातून प्रकाश किती वाकतो आणि त्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींचे प्रमाण किती, एवढी नोंद हाताशी; आणि तुकडा घराच्या खिडकीचा, मोटारीच्या काचेचा की एखाद्या बरणीचा, हे त्यावरून ओळखावयाचे. घरफोडीच्या संशयिताच्या सदऱ्यावर सापडलेल्या काचकणाविषयी हा प्रश्न उभा राहतो, तेव्हा त्याच्या उत्तरावर एका माणसाचे स्वातंत्र्य लटकत असते. यंत्राने ‘खिडकीची काच’ एवढेच सांगितले तर न्यायाधीशांनी काय करावे? ‘शेकडा ५५ खिडकीची, शेकडा ४० मोटारीची’ असे ते सांगू शकले, तर तो पुरावा किती हलका आहे हे निदान उघड्या डोळ्यांना दिसते. (हे शेवटचे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.)

या विचारसरणीतून एक विलक्षण निष्कर्ष निघाला. उदाहरणे थोडी असतील तर जाळेही लहान ठेवावे, नाहीतर ते उदाहरणे नुसती घोकून ठेवील आणि नव्या प्रश्नापुढे तोंडघशी पडेल, असा त्या काळचा व्यवहारी सल्ला होता. एकच भार-संच निवडावयाचा असेल तर तो सल्ला रास्तच आहे. परंतु सर्व संचांचे मत घ्यावयाचे ठरविल्यावर जाळे लहान ठेवण्याचे कारणच उरत नाही, असे नील यांनी दाखविले. जग गुंतागुंतीचे आहे असे आपण मानतो, तर उदाहरणे कमी पडली म्हणून ते एकाएकी सोपे थोडेच होणार आहे? जाळे हवे तेवढे मोठे घ्यावे, असे म्हणून ते थांबले नाहीत. ते अनंत मोठे केले तर काय होईल याचाही त्यांनी छडा लावला. मधला एकच थर असलेले जाळे रुंदावत अनंताकडे नेले, आणि भारांची पूर्वसंभाव्यता नेहमीच्या प्रकारची घेतली, तर जाळ्याचे रूपांतर संख्याशास्त्रज्ञांच्या चांगल्या परिचयाच्या एका वस्तूत होते. तिचे नाव ‘गाउसियन प्रोसेस’.

ही वस्तू खाणीतही वावरली होती, ही गमतीची गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत डॅनी क्रीग हे अभियंता काम करीत. थोड्याच ठिकाणी भोके पाडून मिळालेल्या नमुन्यांवरून मधल्या जमिनीत सोने किती असेल, याचा अदमास बांधण्याची रीत त्यांनी १९५१ च्या सुमारास मांडली, आणि भूशास्त्रज्ञ आजही तिला ‘क्रीगिंग’ म्हणतात. भोक जवळ असेल तर अदमास पक्का, दूर असेल तर सैल. मेंदूच्या नावाने ओळखले जाणारे जाळे अनंतापर्यंत ताणले असता खाणकामगाराच्या या हिशेबाशी जाऊन मिळते, असे कोणाला स्वप्नात तरी वाटले असते का? नील यांना मात्र या निष्पत्तीत थोडा असंतोषच वाटला. कारण असे झाल्यावर जाळ्यातील एकेका घटकाचे स्वतंत्र महत्त्व नाहीसे होते. ते टिकून राहील अशा निराळ्या पूर्वसंभाव्यताही त्यांनी तपासून पाहिल्या. १९९५ चा हा प्रबंध पुढच्याच वर्षी ‘बेझियन लर्निंग फॉर न्यूरल नेटवर्क्स’ या नावाने ग्रंथरूपाने निघाला. अनेक थरांच्या जाळ्यांनाही तोच नियम लागू पडतो, हे इतर संशोधकांनी २०१८ मध्ये सिद्ध केले.

सर्वांचे मत घ्यावयाचे म्हटले तरी ते घ्यावयाचे कसे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर अर्धे १९५३ मध्येच मिळाले होते. लॉस अलामॉस येथे मेट्रोपोलिस आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी द्रव्यातील कणांच्या रचनेचा हिशेब करण्यासाठी एक युक्ती काढली. सर्व रचना मोजू नयेत. एका रचनेपासून निघून यदृच्छेने पावले टाकीत हिंडावे, आणि हिंडताना असा नियम पाळावा की अधिक संभाव्य जागी अधिक वेळ मुक्काम पडेल. पुरेसे हिंडून झाले की मुक्कामांची नोंद हीच सर्वांची प्रातिनिधिक मतगणना होते. नील यांनी १९९३ मध्ये या रीतीवर एक दीर्घ अहवाल लिहिला. संशोधकांच्या एका पिढीने हा विषय त्यावरून शिकून घेतला.

या हिंडण्यात एक खोट आहे. यदृच्छेने टाकलेली पावले जत्रेत चुकलेल्या पोरासारखी पुढे-मागे होतात आणि फार भटकूनही पोर मूळ जागेच्या आसपासच राहते. येथे नील यांनी भौतिकशास्त्रज्ञांचे एक अवजार उचलले. अणुकेंद्रातील बलांच्या आकडेमोडीसाठी चार शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये ते तयार केले होते. कॅरमच्या पटावर भुकटी टाकून तो गुळगुळीत करावा, पण पट सपाट नसून उंचसखल आहे असे समजावे. भारांचा जो संच माहितीशी अधिक जुळतो तेथे खोलगा, जुळत नाही तेथे उंचवटा. आता स्ट्रायकरला कोणत्यातरी दिशेने टिचकी मारावी. तो उतारावर वेग घेईल, त्या वेगाच्या जोरावर समोरचा चढ चढेल आणि पाहता पाहता पटाच्या दूरच्या भागात जाऊन पोहोचेल. तेथे त्याची जागा टिपून घ्यावी आणि नवी टिचकी मारावी. पावलापावलाने भटकण्याऐवजी लांब लांब घसरत जाणारा हा प्रवास ‘हॅमिल्टोनियन माँटे कार्लो’ या नावाने आज ओळखला जातो. नील यांनी तो न्यूरल नेटवर्कसाठी वापरला आणि संख्याशास्त्राच्या दालनात आणला. ‘स्टॅन’ नावाची मोफत संगणक-प्रणाली २०१२ पासून उपलब्ध झाली, तिचे इंजिन याच तत्त्वावर चालते, आणि साथीच्या रोगांपासून निवडणुकांच्या अंदाजांपर्यंत अनेक हिशेब त्यावर झाले आहेत.

पद्धतीची कसोटी २००३ मध्ये एका जाहीर स्पर्धेत लागली. पाच कोडी दिलेली होती. त्यांतील एकात कर्करोगाचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांना एकमेकांपासून वेगळे काढावयाचे होते. शिकण्यासाठी उदाहरणे १००, आणि प्रत्येक उदाहरणात मापे १०,०००. त्या मापांपैकी ३,००० संयोजकांनी मुद्दाम मिसळलेली, ज्यांचा रोगाशी काडीचाही संबंध नाही अशी होती. ती कोणती हे स्पर्धकांना ठाऊक नव्हते. नील आणि त्यांचे सहकारी यांचा प्रवेश त्या स्पर्धेत पहिला आला. त्यांच्या जाळ्यात एक सोय होती. प्रत्येक मापाला आपापले महत्त्व किती याची स्वतंत्र पूर्वसंभाव्यता दिलेली असल्याने, निरर्थक मापाचा आवाज पुराव्याच्या ओघात आपोआप बसत जाई. अर्थात आरंभी मापांची चाळणी साध्या रीतींनीही केलेली होती. सर्व श्रेय एकट्या बेझला देणे बरोबर होणार नाही.

नील यांच्या इतर कामांपैकी दोहोंचा उल्लेख येथे करण्यासारखा आहे. संदेशातील चुका दुरुस्त करणारी एक सांकेतिक पद्धत रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारास शोधली होती आणि ती जवळजवळ विस्मरणात गेली होती. केंब्रिजचे डेव्हिड मॅके आणि नील यांनी १९९० नंतरच्या दशकात तिला पुन्हा उजेडात आणले. आजच्या ५-जी दूरध्वनीच्या माहितीवहनात तिचाच एक प्रकार आहे. दुसरी गोष्ट लहान आहे, पण स्वभाव दाखविणारी आहे. संख्याशास्त्रज्ञांच्या नित्य वापरातील ‘आर’ या संगणकभाषेत साधा गोल कंस महिरपी कंसापेक्षा अधिक वेळ खातो, हे त्यांनी २०१० मध्ये मोजून दाखविले! तेवढ्यावर न थांबता ती भाषा वेगवान करण्याच्या मागे ते लागले, आणि २०१३ मध्ये आपली स्वतःची सुधारित आवृत्ती त्यांनी सर्वांसाठी खुली केली.

मग आज सर्वत्र बोलबाला असलेली संभाषणयंत्रे ही रीत का वापरीत नाहीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. उत्तर खर्चाचे आहे. त्यांच्या जाळ्यांत अब्जावधी भार असतात, आणि एकच संच जुळविताना विजेची व पैशाची जी उधळण होते ती पाहता हजारो संचांचे मत घेणे परवडण्यासारखे नाही. म्हणून त्यांचे चुकीचे उत्तरही पुष्कळदा बरोबर उत्तराच्याच सुरात येते. अदमासाने काम भागविण्याच्या स्वस्त युक्त्या पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांतील काही बऱ्या आहेत, काहींना बेझचे नाव नुसते चिकटविलेले आहे.

खर्चाची पर्वा न करता एकदा हा प्रयोग पुरा करून पहावा, असे काही संशोधकांनी २०२१ मध्ये ठरविले. एका मध्यम आकाराच्या चित्रे ओळखणाऱ्या जाळ्यावर त्यांनी नील यांची रीत ५१२ विशेष संगणक-यंत्रे एकत्र लावून अक्षरशः राबविली. नेहमीच्या चित्रांवर निकाल उत्तम आला. पण चित्रे थोडी बिघडविली, त्यांत खडबडीतपणा मिसळला, तर हेच जाळे एका संचावर चालणाऱ्या साध्या जाळ्यापेक्षाही वाईट चुकू लागले. ज्या रीतीकडून अपरिचित प्रदेशात अधिक सावधपणाची अपेक्षा, ती तेथेच घसरली. त्याच वर्षी त्याचे कारणही सापडले. हाताने लिहिलेल्या अंकांची चित्रे घ्या. त्यांचे कोपरे नेहमीच काळे असतात, म्हणून कोपऱ्यांना जोडलेल्या भारांना पुराव्याकडून काहीही शिकावयास मिळत नाही, आणि ते पूर्वसंभाव्यतेने जेथे ठेवले तेथेच, यदृच्छेने विखुरलेले, राहतात. कोपरे काळे आहेत तोवर त्यांचा उपद्रव नसतो. एखाद्या चित्रात कोपऱ्यावर डाग पडला की हे न शिकलेले भार एकदम बोलू लागतात आणि उत्तर बिघडवितात. साध्या जाळ्याला शिकविताना असे निरुपयोगी भार शून्याकडे ओढले जातात, म्हणून ते बचावते. संशोधकांनी उपाय सुचविला तो पूर्वसंभाव्यता बदलण्याचा: मिळालेल्या चित्रांत ज्या दिशेने काहीच हालचाल दिसत नाही, त्या दिशेच्या भारांना आरंभीच शून्याजवळ बांधून ठेवावे. तसे केल्यावर डागाळलेल्या चित्रांवरील चुका पुष्कळ कमी झाल्या.